दिवेलागणीचं विरजण

माझ्या फोनवर माझ्यासाठी आलेला मेसेज मी शेवटचा कधी वाचला, मला आठवत नाही. येतात ते सगळे दुसऱ्यांचे. कुणाचं गॅसचं सिलिंडर निघालं, कुणाच्या नातवाची लस राहिली, कुणाचं धान्य उचललं गेलं, हे आधी मला कळतं आणि मग ज्याचं त्याला. मी पोलीस खात्यात नाही की कुठल्या कचेरीत नाही. केदारखेड्याच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत तीसेक वर्षं पोरं हाकली आणि आता ओट्यावर बसून चहा पितो, एवढाच माझा हुद्दा.

हे लचांड माझ्यामागं लागलं ते आधार कार्डाच्या दिवशी. कार्डं काढायचं यंत्र आमच्या शाळेत आलं होतं आणि रांग लावायचं काम अर्थातच माझ्याकडं होतं. यंत्रावर बसलेल्या माणसानं पहिल्याच म्हातारीला विचारलं, "मोबाइल नंबर?" त्या काळात आमच्या आळीत दोनच मोबाइल होते, एक माझा आणि एक देशी दारूच्या दुकानवाल्याचा. म्हातारीनं इकडं तिकडं पाहिलं, मी दिसलो. "गुरुजींचा टाक," ती म्हणाली. मागच्यांना वाटलं, इथं हेच उत्तर द्यायचं असतं. पहिल्या पोरानं जे सांगितलं तेच रांगेनं सगळ्यांनी सांगायचं, ही सवय त्यांना शाळेत मीच लावली होती, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करणार? दुपारपर्यंत त्या माणसाला माझा नंबर तोंडपाठ झाला. जाताना त्यानं मला आदरानं विचारलं, "गुरुजी, लईच मोठं खटलं दिसतं तुमचं?"

मी नुसता हसलो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला जरा अभिमानच वाटला होता.

पुढं काही वर्षं शांततेत गेली. मग सरकारला एकाएकी बोलायची हौस आली. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी येते, म्हणून फोन एका कापडी पिशवीत घालून खिडकीच्या खिळ्याला टांगलेला असतो. ती पिशवी दिवसभर टुंग टुंग वाजायला लागली. कुठला मेसेज कुणाचा, हे कळायला मार्ग नव्हता. त्यात कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे असायचे. तेव्हा मी एक जुना कोरा हजेरीपट काढला, घरोघर जाऊन चार-चार आकडे टिपले आणि नावांपुढं लिहून ठेवले. लोकांनी आनंदानं सांगितले. एकदोघांनी तर बाराच्या बारा आकडे सांगून वर चहा पाजला.

माझा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं तो हजेरीपट पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, हे काय करून ठेवलंय तुम्ही? ही लोकांची खाजगी माहिती आहे. कुणाच्या हाती लागली तर?" मग तासभर त्यानं मला खाजगीपणाचा धडा दिला. सरकारला काय काय कळतं, कंपन्यांना काय काय कळतं, फोन खिशात असला की माणूस कुठं कुठं जातो तेही कसं कळतं. मी म्हणालो, "अरे, माझा फोन खिळ्याला असतो. सरकारला वाटत असेल, हा माणूस बारा वर्षं खिडकीतून हललाच नाही." त्याला हसू आलं नाही. "प्रत्येकाला आपापला नंबर जोडून घ्यायला सांगा," असं बजावून तो गेला.

मी सांगितलंही. मतदार यादीवाल्यासारखा घरोघर फिरलो. उत्तर सगळीकडं एकच मिळालं. "कामून? तुमचा फोन बिघडला का?" बिघडला नाही म्हटलं की माझ्याकडंच संशयानं बघायचे. भोकरदनला जायचं, दिवस मोडायचा, रांगेत उभं राहून घासलेला अंगठा अजून घासायचा, आणि एवढं करून मिळणार काय, तर जो मेसेज आज गुरुजी वाचून दाखवतात तो उद्यापासून वाचता येणार नाही. या हिशेबात चूक कुठं आहे, ते मला आजवर सापडलेलं नाही.

तेव्हा मी मुकाट्यानं माझे नियम केले आणि हजेरीपट ट्रंकेत, गोधड्यांच्या खाली ठेवला. ज्याचा मेसेज त्यालाच सांगायचा, तोही कानात. ओटीपी, म्हणजे ते सहा आकड्यांचं गुपित, फोनवरून कुणालाही द्यायचं नाही. एकदा एका गोड आवाजाच्या माणसानं "कचेरीतून बोलतोय" म्हणून माझ्याकडून चार आकडे काढून घेतले होते. उरलेले दोन तोंडातून बाहेर पडायच्या आत बायकोनं फोन हिसकावला, म्हणून कुण्या गरिबाचं वाटोळं होता होता वाचलं. तेव्हापासून ज्याचा ओटीपी त्यानं स्वतः माझ्यापुढं यायचं. मी पाटीवर आकडे लिहिणार, त्यानं वाचायचे, मी लगेच पाटी पुसणार. सख्खा भाऊ फोन करो की साक्षात कलेक्टर, आकडे तोंडी सांगणार नाही. या हट्टापायी लोक मला शिव्या देत, पण विश्वासही टाकत. गुरुजींच्या पोटात राहतं, अशी माझी ख्याती झाली. ज्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिथं ही पदवी थोडीथोडकी नव्हे.

पोटात ठेवायला काय काय मिळालं, ते सांगता येत नाही, पण एक सांगतो, कारण तो गृहस्थ आता स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. तो शहागडला मावसभावाच्या दहाव्याला जातो म्हणून सकाळी घरून निघाला. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर हेल्मेट नसल्याची पावती आली. खाली लिंक होती, बोट लागलं आणि फोटो उघडला. जालन्याचा चौक. जालना शहागडच्या वाटेवरच आहे, ते खरं. पण ज्या वेळी शहागडला गोदावरीच्या काठी पिंडाला कावळा शिवत होता, त्या वेळी हा बहाद्दर नवा काळा गॉगल लावून सिग्नलला उभा होता आणि मागं बसलेल्या मित्राच्या दोन्ही हातांत दोन आइस्क्रीमचे कोन होते. मी त्याला बोलावून फोटो दाखवला. त्यानं बराच वेळ तो निरखला. "गुरुजी, फोटो मात्र बराबर आलाय," तो म्हणाला. "पन तुम्ही पाहिला तो पाहिला, आता डोळ्यातच ठेवा."

मुलाचं म्हणणं असतं की गावात कसला आलाय खाजगीपणा, तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं. माहीत असतं हे खरं. पण गावाला एक कला येते, माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायची. रात्री एखाद्या घरात भांडी आपटली, रडारड झाली, सगळ्या आळीनं ऐकली, तरी सकाळी त्या घरच्या माणसाला आळी "चहा झाला का?" एवढंच विचारते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कुणी जबरदस्तीनं उघडत नाही. सरकारला ही कला येत नाही. त्याला काही कळलं की ते लगेच मेसेज पाठवतं.

गेल्या साली चौकात कॅमेराही बसला. त्याचा पडदा ग्रामपंचायतीत आहे आणि त्याच्यापुढं, माझ्या घरासमोर राहणाऱ्या आबांचा चुलतभाऊ स्वखुशीनं बसून असतो. कुठली बाई दिवसातून किती वेळा किराणा दुकानात गेली, हे त्याला पाठ असतं. परिणाम एवढाच झाला की घरांमागच्या ज्या बोळीतून पूर्वी कुत्रंसुद्धा जायला कचरायचं, तिथून आता सगळ्या बायाबापड्या जातात.

आता आबांचं सांगतो. आबा माझे समोरचे शेजारी. तिसरीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. मग त्यांनी शाळा सोडून औत धरलं आणि मी मास्तर झालो, त्या दिवसापासून ते मला अहो-जाहो करतात. शाळा सुटली तसं वाचायचंही सुटलं. सहीपुरता हात चालतो. गेल्या वर्षी रेशन कार्डावरचा प्रत्येक माणूस खरोखर आहे का, हे अंगठा लावून सरकारला पटवायचं होतं. आबांचा अंगठा नांगरानं आणि कासऱ्यानं इतका गुळगुळीत झालेला की दुकानातल्या यंत्राला तो काही केल्या उमगेना. मग अर्ज केला. त्याचं उत्तर माझ्या फोनवर येणार होतं. तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसत.

"गुरुजी, सरकारनं मला वळखलं का?"

"न्हाई आबा अजून."

"राह्यलं. आपुन तर हायेत इथंच."

आबांना एकच मुलगा. तो जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला आहे, रविवारी घरी येतो. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या बापानं, वाटूरचे आहेत ते, बैठकीत हात जोडून विचारलं होतं, "पोरीचं बी.ए.चं शेवटचं वरीस राह्यलंय, तेवढं करू द्याल ना?" आबा मोठ्या मनानं म्हणाले, "शिकू द्या की. आमी कुठं न्हाई म्हनतो?" पण त्याच साली आबांच्या थोरल्या भावाच्या शिकलेल्या सुनेला पुण्यात नोकरी लागली. ती गेली, तिच्यामागं नवरा गेला, आणि थोरला भाऊ व वहिनी दोन म्हशींकडं बघत मागं राहिले. भावकीत फार बोलणं झालं. त्या भरात आबा चौकात सगळ्यांसमोर बोलून गेले, "आमच्या घरात आता पुस्तक बास." आमच्याकडं चौकात बोललेला शब्द माघारी घेणं म्हणजे चौकातच धोतर सोडणं. विषय तिथं संपला.

निदान आम्हाला तसं वाटलं. लग्नानंतर सुनेच्या आधार कार्डावर नाव बदलायला आबा स्वतः तिला घेऊन गेले होते आणि घरचा नंबर म्हणून त्यांनी, दुसरं काय, माझाच नंबर दिला होता.

एका दुपारी पिशवी टुंग वाजली. ओटीपी. हजेरीपट काढून पाहिलं तर शेवटचे चार आकडे आबांच्या सुनेचे. मी विचार करतोय तोवर परसदारी आवाज आला, "काकू, थोडं विरजन असन का?" बायको वाटी भरायला आत वळली आणि ती पोरगी झटकन माझ्याजवळ आली. धाप लागलेली, पदर एका हातात गच्च धरलेला. "गुरुजी, माझा एक मेसेज आलाय का?"

"कशाचा गं?"

तिनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. "परीक्षेचा," ती म्हणाली.

नवऱ्यानं आपला जुना फोन तिला दिला होता. तो ज्वारीच्या कोठीत असायचा. माळवदावर मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं ती वर जाऊन परीक्षेचा फॉर्म भरत होती. नवऱ्याची साथ होती, पण बापापुढं तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. तिच्या नवऱ्यानं ओटीपीसाठी मला दोनदा फोन केला होता आणि मी त्याला दोन्ही वेळा झिडकारलं होतं, ते फोन याचसाठी होते हेही आता माझ्या लक्षात आलं. मी आबांचा मित्र, रोज त्यांच्यासोबत चहा पिणारा. पण नियम नियम असतो, मेसेज ज्याचा त्याला. आणि खरं सांगायचं तर, जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसापुढं एक पोरगी "परीक्षा" म्हणून उभी राहिली, तर तो काय करणार? मी पाटीवर सहा आकडे लिहिले. तिनं एकदा पाहिले, डोळे मिटले, ओठ हलवले आणि विरजणाची वाटी घेऊन बोळीतून पळाली. ओटीपी दहाच मिनिटं जिवंत राहतो. एवढं चोख पाठांतर माझ्या वर्गात कुणी केल्याचं मला स्मरत नाही.

ती परीक्षेची साइट म्हणजे रुसक्या जावयासारखी होती. एकदा फोटो लहान म्हणायची, एकदा सही पुसट म्हणायची, एकदा विषयच गायब. प्रत्येक वेळी नवा ओटीपी, प्रत्येक वेळी नवं विरजण. आठवड्यातून तीन-तीनदा. बायको वैतागली. "एवढी दुभती म्हस दारात, अन् यांच्या घरी दही म्हनून लागत न्हाई? तिच्या हातातच खोट हाय." बायको म्हणाली म्हणजे आळी म्हणाली. आबांच्या सुनेच्या हातचं दही लागत नाही, हे महिन्याभरात सगळ्या बोळीत झालं. सासूच्या कानावर गेलं. तिनं सुनेला चार बायांसमोर बोल लावले. पोरीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी तर दही सुरीनं कापावं असं लागत होतं, हे तिला माहीत होतं आणि मला. नेलेलं विरजण ती मांजराला घालत असे.

शेवटी फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला. दिवसभर साइट उघडलीच नाही. माळवदावर तिच्या तीन फेऱ्या मी खिडकीतून पाहिल्या. संध्याकाळ झाली. बायकोनं देवापुढं दिवा लावला. आबा नेहमीप्रमाणं ओट्यावर येऊन बसले. सरकारनं त्यांना अजून ओळखलं नव्हतं. मी चहा ओतला, आणि पिशवी टुंग वाजली.

"वाजला," आबा म्हणाले. "माझा का?"

मी आत जाऊन पाहिलं. तेच चार आकडे. परत येऊन बसलो. "कंपनीचा आहे. रिचार्ज करा म्हणते."

"लई मेसेज येतेत बगा तुमाला कंपनीचे."

तेवढ्यात परसदारी तो आवाज आला. "काकू, थोडं विरजन..." पोरगी घाईत विसरली होती. दिवा लागल्यावर आमच्याकडं दूध, दही, मीठ, विरजण घराबाहेर देत नाहीत. लक्ष्मी त्याच्यासोबत निघून जाते म्हणतात. देणं तर सोडाच, त्या वेळी मागायलाही कुणी येत नाही, दुष्मनसुद्धा नाही. आतून बायकोचा आवाज चढला. "अगं बाई! दिवा लागला की! अशा टायमाला विरजन मागत असतेत का? तुझ्या सासूला कळलं तर काय म्हनंन?"

मी कपातल्या चहाकडं बघत बसलो. दहातली दोन मिनिटं गेली होती.

"गुरुजी," आबा हळूच म्हणाले, "येक इचारू का?"

"विचारा."

"तुमच्या कंपनीचा मेसेज आला की आमच्या घरचं दही कामून बिघडतं?"

मला जोराचा ठसका लागला. आबांनी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या आणि त्याच दबक्या आवाजात पुढं बोलत राहिले. "दोन म्हैने झाले, पाहून राह्यलो मी. तुमचा फोन वाजला की आमची सून वाटी घिऊन परसदारानं इकडं. फोन न्हाई वाजला, तर दही बराबर लागतं. अन् आमचं मांजर पाहिलं का तुमी? पार वाघ झालाय त्याचा."

मुलानं मला सांगितलं होतं की मजकूर न वाचता, नुसत्या वेळा जुळवून माणसाचं गुपित ओळखणारी यंत्रं आता निघालीत. असतील. पण तिसरीतून शाळा सोडलेला हा माणूस, ज्याचा अंगठा एका यंत्राला अजून उमगला नव्हता, तो माझ्या ओट्यावर बसून तेच करत होता, आणि वर त्यानं मांजरही हिशेबात धरलं होतं. माझी पाटी, माझा हजेरीपट, माझ्या पोटात राहतं ही ख्याती, सगळं पाण्यात गेलं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबांनी हात वर केला. "सांगू नका. कशाचं हाय त्याचा अंदाज हाय मला. पन अंदाज येगळा अन् ठाव असनं येगळं. ठाव झालं की मला बोलावं लागन. हो म्हनलो तर भावकी म्हनन, चौकातला शब्द गिळला. अन् न्हाई म्हनलो तर..." त्यांनी समोरच्या आपल्या घराकडं पाहिलं. "न्हाई मला म्हनायचं न्हाई, गुरुजी. सोयऱ्याला बैठकीत शब्द देल्ता मी. त्यो पयला व्हता."

"मग आबा?"

"मंग काय. मी देवळाकडं चाललो. मी इथं व्हतो हे तिला कळू देऊ नका, बिलकुल न्हाई. अन् जल्दी करा. त्या कंपनीला दहाच मिंटं टाइम असतो म्हनतेत."

एरवी आबा उठले की चार घरं ऐकू जाईल असं खाकरतात. त्या दिवशी त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि साठी उलटलेला तो माणूस अनवाणी, चवड्यांवर, चोरासारखा माझ्या ओट्यावरून उतरला. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

मी धावतच आत गेलो. पोरगी रिकामी वाटी धरून उंबऱ्यापाशी उभी होती, रडायच्या बेतात. मी पाटी घेतली, आकडे लिहिले, तिच्यापुढं धरले. तिचे ओठ हलले. मी पाटी पुसली. बायको माझ्याकडं, पाटीकडं, तिच्याकडं पाहत राहिली. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. तिनं पोरीच्या हातातली वाटी घेतली आणि फडताळात टाकली. मग स्वतःची एक वाटी काढली, तिच्यावर ताटली झाकली आणि पोरीच्या हाती दिली. "झाकून ने. सासू दारात असली तर काकूनं भाजी देली म्हन. आत काय हाय ते कुनी उघडून बघत नसतं. जा, पळ."

ती गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, तशी ती माझ्याकडं वळली. "दोन म्हैने माझं विरजन मांजराला घालत व्हते व्हय तुमी दोघं!"

मी खिडकीशी उभा राहिलो. थोड्या वेळानं समोरच्या माळवदावर फोनचा उजेड दिसला, हलला आणि विझला. दुसऱ्या दिवशी कुणी विरजण मागायला आलं नाही. फॉर्म गेला, हे मी त्यावरूनच ओळखलं.

परीक्षेच्या वेळी ती माहेरी जायचं म्हणाली. सुनेला माहेरी दोन दिवसांवर तिसरा दिवस राहू न देणारे आबा तिला स्वतः एसटीत बसवून आले. "पंधरा दिवस ऱ्हा," ते म्हणाले. "आईची तब्येत बरी नसती म्हनतेत." तिच्या आईची तब्येत ठणठणीत होती. वाटूरहून रोज जालन्याला जाऊन तिनं पेपर दिले आणि त्यातच एक दिवस काढून स्वतःचा नंबर आपल्या कार्डाला जोडून घेतला. परत आल्यावर मला हळूच म्हणाली, "गुरुजी, माझा नंबर काढला तुमच्यावरून." माझ्या मुलाचं म्हणणं सगळ्या गावात तिनं एकटीनं ऐकलं होतं. मी हजेरीपटातली तिची ओळ लाल शाईनं खोडली. शाळेचा दाखला काढून पोर निघून जातं तेव्हा वाटतं, तसं वाटलं.

आबांच्या घरचं दही लागायला लागलं. पोरगी माहेरून हात सुधारून आली, असं सासू सगळ्यांना सांगत होती. मांजर रोडावलं.

मग एका संध्याकाळी, दिवा लागायला अजून अवकाश होता, आबा येऊन बसले.

"माझा काही आला का?"

"न्हाई आबा."

"आपुन काही पटत न्हाई बगा सरकारला." मग ते जरा जवळ सरकले. "अन् कंपनीचा? निकाल... म्हंजी, काही आला का कंपनीचा?"

"कंपनीचे बंद झाले, आबा. आता ज्याचे त्याला जातात."

"असं का," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एक गोष्ट माहीत नव्हती आणि ती माहीत करून घ्यायची फार इच्छा होती. आम्ही दोघं समोरच्या घराकडं बघत बसलो.

तेवढ्यात ती बाहेर आली. या वेळी बोळीतून नाही, सरळ समोरून, उजेडी. हातात आमची ती वाटी, तीच ताटली झाकलेली. सासऱ्यांना पाहून क्षणभर थबकली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "काकूंची वाटी द्यायची राह्यली व्हती," असं म्हणून तिनं ती आम्हा दोघांच्या मधे ओट्यावर ठेवली आणि मान खाली घालून आत स्वयंपाकघरात गेली. जाता जाता तिचा चेहरा मला दिसला. हसू दाबून दाबून तिचे गाल लाल झाले होते.

मी ताटली उचलली. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून चिमूटभर काहीतरी घालतातच. पण ही वाटी साखरेनं शिगोशीग भरलेली होती.

आबांनी विचारलं नाही की साखर कशाची. त्यांनी हात पुढं केला, त्या गुळगुळीत अंगठ्यानं चिमूटभर साखर उचलली आणि तोंडात टाकली. मग अजून एक चिमूट घेतली. आतून माझ्या बायकोचा आणि तिचा हसण्याचा आवाज येत होता.

"गुरुजी," थोड्या वेळानं ते म्हणाले, "आमच्या थोरल्याची सून गेली त्या पुन्याला दही बराबर लागतं का हो? थंडी असती म्हनतेत तिकडं."

"लागतं की," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली आणि वाटीवर ताटली पुन्हा नीट झाकून ठेवली.